खानावळवाल्या काकी आणि वजन उतरवायचा डबा

मालवण तालुक्यात खानावळ चालवणाऱ्या एका बाईंचं हे प्रकरण आहे. वजन कमी करण्यासाठी तयार डबे पुरवणारी तीन महिन्यांची योजना 39,000 रुपये भरून घ्यावी का, हा त्यांचा प्रश्न. मी कुडाळला आहारसल्ला देते. असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना बहुतेक वेळा हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. इथे त्या उत्तरापर्यंत पोचायला काय काय बघावं लागलं, ते सविस्तर लिहिते आहे, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी इतरांनाही पैसे भरण्याआधी उपयोगी पडतील. त्यांच्या परवानगीने लिहिते, ओळख पटेल असे तपशील बदललेत. गावात सगळे त्यांना काकी म्हणतात. मीही तेच म्हणते.

काकींचं वय 46, उंची 152 सेंटिमीटर, वजन 74 किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 32 भरतो. भारतीयांसाठी 23 च्या वर जादा वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, म्हणजे वजन उतरवायची गरज होती याबद्दल वाद नव्हता. कंबर 98 सेंटिमीटर, बायकांसाठी मर्यादा 80. मधुमेह चार वर्षांचा. त्यासाठी मेटफॉर्मिन दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड. रक्तदाबाची एक गोळी. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए1सी तपासणी 8.1. गुडघे दुखायचे, पण खानावळीत बसून काम होत नाही.

मधुमेह म्हणजे शहरातला आजार, असं आपल्याकडे अजून बोललं जातं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात निघालं, 26.4 टक्के. किनाऱ्यावरच्या घरांत ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही.

योजना काय होती

आंगणेवाडीच्या जत्रेला मुलगा मुंबईहून आला तेव्हा माहितीपत्रक घेऊनच आला. सुनेच्या मैत्रिणीचं वजन त्या योजनेत उतरलं होतं. आईचे गुडघे त्याला बघवत नव्हते आणि पैसे भरायची त्याची तयारी होती. काकी मला म्हणाल्या, “झील म्हणता, पैसे मी भरतंय, तू फक्त खा. आता तुमीच सांगा, मॅडम.”

सकाळी न्याहारीऐवजी पावडरचं शेक, दुपारी एक डबा, रात्री एक डबा. डबे गोव्यातल्या स्वयंपाकघरातून सकाळी निघणार, दहाच्या आत घरी पोचणार, मग फ्रिजमध्ये ठेवून गरम करून खायचे. आठवड्यातून एकदा ‘कोच’चा फोन. बारा आठवड्यांत बारा किलो, असं पहिल्याच पानावर ठळक छापलेलं. खाली बारीक अक्षरात, पहिल्या आठवड्यानंतर पैसे परत मिळणार नाहीत.

शेकच्या पाकिटावर आणि डब्याच्या नमुना लेबलावर उष्मांक दिले होते. ही चांगली गोष्ट. पाकिटावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही होता. मी बेरीज केली: शेक 250, दुपारचा डबा 350, रात्रीचा 300. दिवसाला 900 किलोकॅलरी.

आता दुसऱ्या बाजूने हिशेब. एक किलो चरबीत सुमारे 7,700 किलोकॅलरी असतात. आठवड्याला एक किलो उतरवायचा तर रोज 1,100 ची तूट हवी. काकींची उंची, वजन, वय आणि दिवसभर उभ्याने चालणारं काम धरलं, तर त्यांचा रोजचा खर्च 2,000 च्या आसपास येतो. त्यातून 1,100 गेले की उरतात 900. म्हणजे माहितीपत्रकातला आकडा हवेतला नव्हता. सांगितलं तेवढंच खाल्लं, तर वजन उतरणार होतं. असल्या योजना म्हणजे निव्वळ फसवणूक, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

माझी अडचण वेगळी होती. 900 किलोकॅलरीचा आहार हा उपचार आहे, आणि उपचाराभोवती जी माणसं लागतात ती इथे कोणीच नव्हती. स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांत ‘डायरेक्ट’ नावाची एक चाचणी झाली. तिचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. मधुमेह होऊन सहा वर्षं न झालेल्या लोकांना तीन ते पाच महिने रोज 825 ते 853 किलोकॅलरींचं शेक आणि सूप दिलं. वर्षअखेर 46 टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता, दोन वर्षांनी 36 टक्के लोकांचा. मोठं यश आहे हे. पण त्या चाचणीत मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्या होत्या, आणि नेहमीचं जेवण नंतर काही आठवडे घेऊन पायरी-पायरीने परत सुरू केलं होतं. आपल्याकडच्या पत्रकात त्या चाचणीतला उष्मांकांचा आकडा तेवढा आला होता.

फोनवर मिळालेली उत्तरं

काकींच्या समोर, स्पीकर लावून आम्ही योजनेच्या नंबरवर फोन केला. बोलणारी मुलगी नम्र होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. ग्लिमेपिराइड चालू असताना हा आहार कसा घ्यायचा, असं मी विचारलं. ती म्हणाली, “गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा मॅडम, शुगर आपोआप खाली येते.”

माझ्या दृष्टीने इथेच अर्ध्याहून जास्त निर्णय झाला. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न गेलंय की नाही हे न बघता. रोज 2,000 च्या वर खाणारा माणूस एकदम 900 वर आला आणि गोळी तीच राहिली, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यापुढे अंधारी. काकींच्या बाबतीत हे कढईतल्या उकळत्या तेलासमोर घडलं असतं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका फारच कमी. म्हणून मधुमेही माणसाने कुठल्याही योजनेत पैसे भरण्याआधी आपल्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवून एकच विचारावं: मी निम्मं खायला लागले, तर यातली कुठली गोळी कमी करायची? हा प्रश्न योजनेच्या लोकांना विचारून उपयोग नाही, आणि त्यांनी उत्तर दिलंच तर ते ऐकू नये.

दुसरा प्रश्न: तीन महिने संपल्यावर काय? उत्तर होतं ‘मेंटेनन्स पॅकेज’, आणखी नऊ महिन्यांचं, दिवसाला एक डबा. त्यानंतर काय, हे तिला सांगता आलं नाही.

पत्रकात ‘शुगर मुळापासून बरी’ असंही एक वाक्य होतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांनुसार खाण्याची वस्तू रोग बरा करते असं म्हणता येत नाही. असं वाक्य दिसलं की त्याच कागदावरचे बाकीचे आकडेही सावधपणे वाचावेत.

दुसऱ्याचं उतरलेलं वजन

काकींच्या मनात या सगळ्यापेक्षा एका बाईचं उदाहरण जास्त पक्कं बसलं होतं. त्यांच्याच वाडीतल्या एका शिक्षिकेने हीच योजना घेतली होती. नऊ किलो उतरले आणि वर्ष उलटलं तरी त्यातले बरेचसे परत आलेले नाहीत. मी त्या बाईंशी बोलले, कारण अशा उदाहरणाला ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारणं मला बरोबर वाटत नाही.

त्या एकट्या राहतात. मुलं बाहेरगावी. शाळेचं वेळापत्रक ठरलेलं. कुठलीही गोळी चालू नाही. डबे सुरू होण्याआधी त्या रात्री फरसाण-बिस्किटांवर भागवायच्या, कारण एकट्यापुरतं रांधायचा कंटाळा. तीन महिने आयता डबा आला, ताटात किती घ्यायचं ते डोळ्यांना कळलं आणि पुढे तेवढंच घरी शिजवायची सवय लागली. त्यांच्यासाठी ते पैसे सत्कारणी लागले असं माझं स्पष्ट मत आहे. काकींनी मला विचारलं, मग माझे का लागणार नाहीत?

उत्तर काकींच्या स्वयंपाकघरात होतं. शिक्षिकेच्या घरी डबा येत होता तेव्हा दुसरं काही शिजत नव्हतं. काकींकडे सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चूल बंद होत नाही. आमटी चाखल्याशिवाय वाढता येत नाही आणि सोलकढीत मीठ पुरेसं आहे का, हे दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. त्या म्हणाल्या, “माज्या टोपात बांगड्याचो तिखलो शिजता, आणि मी ह्यां फ्रिजातला गरम करून खाऊ?” यात हट्ट नव्हता. तीन महिने रोज दिवसभर रांधून स्वतः मात्र वेगळं खायचं, तेही हंगामात, आणि चौथ्या महिन्यात परत त्याच टोपासमोर उभं राहायचं. त्या चौथ्या महिन्यासाठी योजनेत एकही ओळ नव्हती.

डबे पोचण्याचाही प्रश्न होताच. जूनपासून समुद्राकडून येणारा पाऊस, हायवेवर अडकणाऱ्या गाड्या, गावात तासन्‌तास जाणारी वीज. शिजवलेलं अन्न थंड ठेवायचं तर फ्रिज चालू लागतो. शेवटचा महिना ऐन पावसात पडणार होता.

काट्यावर काय दिसलं

नाही म्हणण्याआधी दुसरा रस्ता आहे का, ते बघायला हवं होतं. ‘नको ते डबे, घरचंच खा’ एवढं सांगून पाठवणं म्हणजे त्यांना होत्या तिथेच सोडणं. घरचंच खाऊन वजन 74 झालं होतं.

मी काकींना तीन दिवस एक काम दिलं. काहीही बदलायचं नाही, फक्त स्वतःच्या ताटातली प्रत्येक गोष्ट खानावळीतल्या काट्यावर ठेवून लिहायची. त्यांना वाटत होतं दोष खोबऱ्याचा आहे. इथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी नारळालाच दोषी ठरवतो. एका मध्यम नारळाच्या खवात साधारण हजार किलोकॅलरी धरल्या आणि त्याचं वाटप सहा जणांच्या कढीत गेलं, तर वाट्याला येतात 170 च्या आसपास. कमी नाहीत, पण वजन 74 वर नेणारं ते नव्हे.

दुपारच्या ताटातला शिजलेला भात भरला 480 ग्रॅम. शिजलेल्या भाताच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 130 किलोकॅलरी, म्हणजे 620 हून जास्त. रात्री परत तेवढाच. नुसत्या भाताच्या 1,200 च्या वर. चहा दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर: साठ ग्रॅम, 240 किलोकॅलरी. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईच्या पोटात रोज एवढी साखर चहातून जात होती आणि कोणी कधी कप मोजले नव्हते, कारण चहा हे खाणं धरतच नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं वहीतल्या वेळांच्या रकान्यात होतं. सकाळी सातला घावणे. मग थेट दुपारी साडेतीन, शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर. रात्री अकरा. साडेआठ तास उपाशी राहून, दोनशे माणसांचं वाढून, थकून बसलेली बाई भात मोजून घेणार नाही, आणि तिने घ्यावा अशी अपेक्षाही करू नये. पातेल्यात उरलेलं वाया जाऊ नये म्हणून ती आणखी एक डाव वाढून घेणार. घरोघरच्या बायका हेच करतात. काकींचं घर दोनशे माणसांचं होतं, एवढाच फरक.

तळलेला मासा त्या स्वतः क्वचित खायच्या. आधी मला ते खरं वाटलं नाही, पण वही तेच सांगत होती. दिवसभर तेलासमोर उभं राहिल्यावर तळलेलं नकोसं होतं म्हणाल्या.

जे ठरलं

योजना घ्यायची नाही असं ठरलं. पण तिच्यात कामाच्या गोष्टी कुठल्या होत्या, तेही आम्ही मांडलं. ताट आधीच मोजलेलं असतं, जेवणाची वेळ ठरलेली असते, आणि आठवड्याला कोणीतरी विचारतं. यातली शेवटची गोष्ट लोक कमी लेखतात. 2017 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधल्या 1,267 जणांची एक चाचणी छापून आली. काहींना फक्त एक पुस्तिका दिली. काहींना ‘वेट वॉचर्स’ या व्यावसायिक गटाच्या साप्ताहिक सभांना बारा आठवडे पाठवलं, काहींना पूर्ण वर्षभर. वर्षाने पुस्तिकेवाल्यांचं सरासरी 3.3 किलो उतरलं, बारा आठवडेवाल्यांचं 4.8, वर्षभरवाल्यांचं 6.8. कोणालाही डबे न देता हे झालं. दोन वर्षांनी तिन्ही गटांत थोडं वजन परत आलं, तरी क्रम तोच राहिला. आठवड्याच्या आठवड्याला काट्यावर उभं राहणं आणि कोणाला तरी आकडा सांगणं, हे जेवढे महिने चाललं तेवढा फायदा झाला.

आणि आठवड्याला भेटणाऱ्या बायका काकींच्या वाडीत होत्याच. त्यांचा बचत गट वर्षानुवर्षं ठरलेल्या वारी भरतो. वही असते, हजेरी असते, न आलेलीला निरोप जातो. त्या वहीच्या मागच्या पानावर वजनाचा रकाना आखला. आधी काकींसह चौघी तयार झाल्या. वजनकाटा गटानेच घेतला.

भाताआधी गोळीचं बघितलं. काकींच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी लिहिली. त्यांनी ग्लिमेपिराइडची मात्रा निम्मी केली, आठवडाभर घरी साखर तपासायला सांगितलं आणि घाम-थरथर झाली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची, हे मुलग्यालाही फोनवर समजावलं. त्यानंतरच ताट बदललं.

बदल थोडेच केले. दुपारचं जेवण साडेअकराला, गिऱ्हाईक यायच्या आधी, बसून. हा सगळ्यात कठीण बदल होता, कारण गिऱ्हाइकाआधी आपण जेवायचं हे काकींना पटेना. मदतीला येणाऱ्या मुलीला त्यांनी सोबत बसवायला सुरुवात केली तेव्हा ते जमलं. भात वाटीने मोजून, दीड वाटी, साधारण 200 ग्रॅम. भात बंद करा असं मी सांगितलं नाही. “भात सोडूक माका जमाचा नाय,” हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही. ताटात मासा आधी वाढायचा, तिखला किंवा कढीतला, दोन बांगडे. एका मध्यम बांगड्यातून 15 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. शेकच्या पाकिटाला त्याच्यापेक्षा जास्त काही जमत नव्हतं. एक पालेभाजी, लाल माठ, शेवग्याचा पाला, पावसात टाकळा. चहा तीन कप, बिनसाखरेचा. रात्री आठला कुळथाची पिठी आणि एक तांदळाची भाकरी, आणि अकराला काही नाही. एकूण 1,450 च्या आसपास. आठवड्याला अर्धा किलो उतरायला एवढी तूट पुरते.

पुढचे महिने

पहिल्या दोन महिन्यांत तीन किलो उतरले. हंगाम असूनही. जूनमध्ये मासेमारी बंद झाली. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै ही बंदी असते. ताजा मासा गेला की ताटातली प्रथिनं जातात आणि जागा परत भात भरून काढतो. यासाठी आधीच तयारी केली होती: अंडी, चवळी, मूग, कुळीथ, आणि सुकट-जवळा बेताने, दोनदा धुऊन, कारण सुक्या माशातलं मीठ रक्तदाबाला बाधतं. त्या दोन महिन्यांत वजन फारसं हललं नाही, पण वाढलंही नाही. गटातल्या एकीने कंटाळून येणं सोडलं, दोन नव्या आल्या.

गणपतीत दीड किलो वाढलं. घरी चाकरमानी, नैवेद्याचे मोदक, रोज पंगत. काकी वजनाच्या वारी गटाला गेल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात गटातल्या बायकाच त्यांच्या पडवीत काटा घेऊन आल्या. वाढलेलं दीड किलो पुढच्या महिन्याभरात उतरलं.

ऑक्टोबरमध्ये, आठ महिन्यांनी, वजन 68.6. साधारण सात टक्के घट. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत हेच उद्दिष्ट ठेवलं होतं. एचबीए1सी 7.2. ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी पूर्ण बंद केलं. गुडघे दुखतात, पण जिना चढताना आता थांबावं लागत नाही म्हणाल्या. कंबर 92, म्हणजे अजून बराच पल्ला आहे.

मुलगा आता साखर आणि वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनाबद्दल विचारतो. टिर्झेपॅटाइड नावाचं असं इंजेक्शन 2025 च्या मार्चमध्ये भारतात आलं तेव्हापासून हा प्रश्न माझ्याकडे नेमाने येतो. काकींच्या डॉक्टरांनी सांगितलंय की जानेवारीची एचबीए1सी सातच्या खाली आली नाही, तर त्याचा विचार करू. मला ते योग्य वाटतं. इंजेक्शन घेतलं तरी साडेअकराचं जेवण आणि गटाचा काटा चालूच राहणार, एवढं काकींनी कबूल केलंय. 39,000 रुपयांपैकी काही मुलाने खानावळीच्या माडीवर नवा पंखा आणि बसायला बाकडी घेण्यात घातले. काकी तिथेच जेवतात. जानेवारीच्या तपासणीची तारीख गटाच्या वहीत लिहिली आहे.